बिनगाठीचा टाका

१

आपल्या टेबलाला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं शादलियाला खपत नसे. समुद्रकाठच्या महदिया गावातल्या त्या छोट्या संग्रहालयात ती सव्वीस वर्षं जुने समारंभी कपडे दुरुस्त करत होती. तेवढ्या काळात पाच संचालक आले आणि गेले, पण तिच्या खोलीची किल्ली तिच्याच गळ्यात राहिली. "दुसरी किल्ली कुठे आहे?" असं प्रत्येक नव्या संचालकाने विचारलं होतं आणि प्रत्येकाला तिने एकच उत्तर दिलं होतं, "समुद्रात."

सकाळी आठला ती यायची. दाराशी म्हातारा पहारेकरी खमीस, ज्याला सगळे अम म्हणजे काका म्हणत, वाटीत भाजक्या जवाच्या पिठात तेल कालवत बसलेला असायचा. खोलीत शिरल्यावर अंगठी काढून बशीत ठेवायची, हात धुवायचे, हवेतली ओल मोजून वहीत टिपायची आणि मग टेबलावरची पांढरी चादर चारी कोपरे धरून उचलायची. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा हा क्रम तिने मोडला नव्हता.

गेले तीन महिने त्या चादरीखाली एका नवरीचा झगा होता. जांभळ्या आणि डाळिंबी रेशमाचे पट्टे, खूप रुंद बाह्या आणि छातीवर एकाला एक खेटून भरलेले जरीचे मासे. वजन पाच किलो. खोक्यावरच्या चिठ्ठीत फक्त एवढंच लिहिलं होतं: महदिया, सुमारे १९१०, एकदा वापरलेला. ज्यांनी तो दिला ती मंडळी घर विकून मार्सेयला निघून गेली होती, त्यामुळे आणखी काही विचारायला कुणी उरलं नव्हतं.

झग्याची उजवी कूस काखेपासून खालपर्यंत उसवलेली होती. डावी मात्र जशीच्या तशी होती, आणि ती पहिल्यांदा भिंगाखाली घेतली तेव्हा शादलिया कितीतरी वेळ बघतच राहिली होती. अख्ख्या शिवणीत एकही गाठ नव्हती. दोऱ्याचं टोक दोन उलट्या टाक्यांत अडकवून शिवणीच्या पोटात दडवलं होतं. हेच तर तिला फ्रान्समध्ये ल्योंला दोन वर्षं घासून घासून शिकवलं होतं! गाठ जुन्या रेशमाला टोचते, जरा ओढ बसली की कापड नेमकं तिथूनच फाटतं. म्हणून जुन्या वस्त्रावर गाठ मारायची नाही, कधीही नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावातल्या कुणाला तरी हे कळत होतं, याचा तिला भलताच अभिमान वाटला होता.

मार्चमधल्या त्या मंगळवारी तिने चादर उचलली. छातीवरच्या एका विरलेल्या जागी आदल्या दिवशी तिने रेशमी जाळी बसवली होती. बावीस टाके, मोजून घातलेले. बाविसाव्या टाक्याच्या शेवटी एक गाठ होती, मोहरीहूनही लहान.

२

तिने पहिल्यांदा संशय घेतला तो स्वतःवरच. वय चोपन्न, डोळ्यांवर दोन चष्मे. नजरचुकीने मारली असेल. पण हात असे चुकत नाहीत. घरी उशीची खोळ शिवतानाही तिचे हात गाठ मारायला विसरायचे, चुकून कधी मारायचे नाहीत. तिने ती गाठ कात्रीच्या टोकाने कापली, दोरा नीट अडकवला आणि कामाला लागली.

बुधवारी दुसरी गाठ होती, पुन्हा आदल्या दिवशीच्या शेवटच्या टाक्यावर. या वेळी तिने बोट लावून पाहिलं तर ती ओलसर लागली. बायका दोरा ओवताना टोक ओठांत धरतात, तसं कुणीतरी ते टोक तोंडात धरलं होतं. शादलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थुंकी! शंभर वर्षांच्या रेशमावर थुंकी!

ती तशीच तरातरा बाहेर आली.

"अम खमीस, माझ्या खोलीत कोण जातं?"

"तुम्हीच की, लल्ला शादलिया," तो बाईसाहेब म्हणावं तशा अदबीने म्हणाला.

"माझ्याशिवाय."

"वारा जातो. खिडकीचं तावदान बसवा म्हणून दोन वर्षं ओरडतोय मी."

"थट्टा नको. कुणीतरी माझ्या कामाला गाठी मारतंय."

खमीसने वाटी खाली ठेवली आणि दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. "ही बोटं बघा. चाळीस वर्षं जाळी विणलीयत यांनी. या बोटांनी गाठ मारली तर तिला होडी बांधता येईल. तुमच्या त्या केसासारख्या दोऱ्याला मी काय गाठ मारणार? मला तो दिसतसुद्धा नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्यामुळे तिचा राग आणखी वाढला. माणूस खोटा निघाला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. त्या दुपारी तिने दाराच्या फटीवर कागदाची पट्टी डकवली, वर सही केली आणि तारीख घातली. खिडकीचं फुटकं तावदान पुठ्ठ्याने बंद केलं.

गुरुवारी सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. पुठ्ठाही जागेवर होता. तिने ओल मोजली, ती रोजच्याएवढीच निघाली. मग चादर उचलली, आणि तिसरी गाठ शांतपणे तिथे बसलेली होती.

शादलियाने ती कापली. वहीत तिने ठळक अक्षरांत लिहिलं, "परवानगीशिवाय कामात ढवळाढवळ, तिसऱ्यांदा," आणि खाली दोन रेघा ओढल्या. लिहिताना मात्र तिच्या मनात एक विचार येऊन गेला. ती गाठ वाईट नव्हती. लहान, घट्ट, घाईत मारलेली पण जीव लावून मारलेली होती.

३

शुक्रवारी चौथी गाठ कापून होते न होते तोच सी नौफल, म्हणजे नौफलसाहेब, खोलीत आला. हा सहावा संचालक. याआधी समुद्रकाठच्या हॉटेलांच्या जाहिराती करायचा, त्यामुळे त्याला प्रत्येक वस्तू फोटोत कशी दिसेल एवढंच दिसायचं. त्याच्यासोबत त्याची मुलगी रान्या होती. चोवीस वर्षांची, अखंड बडबडी. लहानपणी ती शेजारच्याच गल्लीत राहायची आणि शाळा सुटली की शादलियाच्या पायाशी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. मावशीला म्हणतात तसं ती शादलियाला ताता म्हणे. पुढच्या रविवारी तिचं लग्न होतं.

"लल्ला शादलिया, आनंदाची बातमी!" नौफल म्हणाला. "गुरुवारी नव्या दालनाचं उद्घाटन आहे. झगा काचेत ठेवून कोण बघणार? रान्या घालेल. खरी नवरी, खरा झगा. टीव्हीवाले येताहेत."

शादलियाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "घालेल म्हणजे?"

"म्हणजे अंगात घालेल. दुसरं काय करतात झग्याचं?"

"सी नौफल, हा संग्रहालयाचा झगा आहे. हा कुणी घालायचा नसतो. घामाने जर काळी पडते, खांद्यावर ताण आला की रेशीम उभं चिरतं. तुमच्या घरचं कार्य आहे म्हणून लोकांची ठेव अंगावर चढवायची? लाज वाटत नाही?"

"बाबा, राहू दे ना," रान्या हळूच म्हणाली.

"का राहू दे? अर्धा तास तर घालायचाय." नौफलचा आवाज गोड झाला, आणि तो गोड झाला की शादलियाच्या डोक्यात तिडीक जायची. "उजवी बाजू उघडी आहे ना? ती अंगावरच शिवून टाका. तुम्हाला जमत नसेल तर बाजारातला मुनीर शिंपी आहे. तो मशीन घेऊन येईल."

मशीन! शादलियाचा हात टेबलाच्या कडेवर आवळला गेला. "माझ्याशिवाय कुणी या झग्याला हात लावला तर गाठ माझ्याशी आहे. सांगून ठेवते," ती ओरडली. आवाज भिंतींवर आपटला.

नौफल हसत बाहेर गेला. त्याला हवं ते मिळालं होतं: झगा आता तीच अंगावर शिवणार होती. रान्या मागे रेंगाळली आणि तिने शादलियाच्या गालाचा मुका घेतला. "रागावू नकोस ना, ताता. मला तुझ्या हातचंच शिवलेलं हवं होतं."

आता या पोरीवर कसं रागवायचं?

४

सोमवारी तुर्किया आली, सगळं गाव जिला उम्मी म्हणजे आई म्हणे ती. महदियातल्या तीन पिढ्यांच्या नवऱ्या तिने नटवल्या होत्या. आता नजर अधू झाली होती, पण गुरुवारी रान्याला जुन्या रीतीने नटवायला नौफलने तिलाच बोलावलं होतं. ती काठी टेकत टेबलाशी आली आणि परवानगी न विचारता झग्यावरून बोटं फिरवू लागली. शादलियाने ओठ चावून ते सहन केलं.

म्हातारीची बोटं डाव्या कुशीवर उतरली, काखेपासून खाली गेली, परत वर आली. मग तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

"ही शिवण कुणी घातलीय?"

"जुनीच आहे, उम्मी. किती सुरेख आहे ना? अशी आता कुणाला येत नाही."

"गाठ कुठाय हिची?"

"गाठ नाहीच. तेच तर कौशल्य आहे."

"कौशल्य!" म्हातारीने मान हलवली. "पोरी, तू मुडद्यांना कधी न्हाऊ घातलंयस?"

"नाही."

"मी घातलंय. नवऱ्या नटवणाऱ्या बाईलाच मयतालाही बोलावतात. कफनाला चार टाके लागतात, ते बिनगाठीचे घालायचे. जायचंय त्याला अडकवायचं नसतं, म्हणून. जित्या माणसाच्या अंगावर शिवलं, साधं बटण लावलं, तरी गाठ मारायची. हे माझ्या नातीलाही ठाऊक आहे. आणि तू एवढी शिकून आलीस फ्रान्सहून."

शादलियाचे कान तापले. तिला शिकवायला निघाली होती ही! "उम्मी तुर्किया, गाठीने रेशीम फाटतं. हे शास्त्र आहे. तुमच्या मेंदीत मी नाक खुपसते का?"

"खुपस की, नाक चांगलं रंगेल," म्हातारी म्हणाली. पण ती हसली नाही. "मला एवढंच सांग, नवरीच्या झग्याला कफनाची शिवण कुणी घातली? आणि आत नवरी असताना घातली की नसताना?"

"तुम्ही ना, भलतंच काहीतरी बोलता."

जाताना म्हातारी दारात थांबली. "खमीस सांगत होता, तुझ्या कामाला कुणीतरी गाठी मारतंय म्हणे. तू काय केलंस त्यांचं?"

"कापल्या. सगळ्या."

 तुर्कियाने एकदा टेबलाच्या दिशेने पाहिलं आणि काठी टेकत निघून गेली.

५

मंगळवारचा दिवस शादलियाने दार आतून लावून काढला. उन्हाने खोली उजळली होती, समुद्राकडून कुरव पक्ष्यांचा कलकलाट येत होता. घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. झगा आता तिने कापसाने भरलेल्या कापडी धडावर चढवला होता, खांद्यांचा बाक तपासायला. हे धडही तिचंच काम. झग्याचं माप घेऊन, थरावर थर चढवून बनवलेलं. डोकं नाही, हात नाहीत.

ती पाठमोरी बसून दोरे रंगाप्रमाणे लावत होती. मागून एक आवाज आला. इतका बारीक की तो ऐकू आला की आठवला, हेच कळेना. ओठ मिटून उघडल्याचा आवाज. दोऱ्याचं टोक ओलं करताना होतो तसा.

तिने मागे पाहिलं नाही. आधी ती विचार करू लागली. उष्णतेने जर ताणली जाते, धातू वाजतो. कापूस दबतो. लाकडी स्टॅण्डला भेगा आहेत. चार कारणं तिने बोटांवर मोजली. पाचवं मोजायच्या आत पुन्हा तोच आवाज आला, आणि त्यानंतर एक क्षण कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी शांतता.

ती वळली. झगा जिथल्या तिथे होता. धड ताठ उभं होतं, जरीच्या माशांवर ऊन पडलं होतं. उजव्या उसवलेल्या कुशीतून आतला पांढरा कापूस दिसत होता. फक्त कापूस. तिने जवळ जाऊन हात घालून पाहिलं. कापूस कोमट होता. खिडकीतल्या उन्हाने झाला असेल, ती स्वतःला म्हणाली. पण ऊन डावीकडून येत होतं.

झोपेत उठून आपणच तर हे करत नाही ना, असाही विचार तिने केला. झोपेत चालत येणार, पट्टी न फाडता दार उघडणार, दोरा ओला करणार! तिला स्वतःचाच राग आला. सव्वीस वर्षं एका खोलीत एकटीने काढली की बाईचं असं होतं, एवढंच. मग तिला त्या न दिसणाऱ्या चोराचा राग आला, कारण दुसऱ्याचा राग करणं सोपं होतं.

बुधवारी सातवी गाठ होती. या वेळी तिच्या भोवतालचं रेशीम चुरगळलं होतं, जणू कुणी फार वेळ धडपडत होतं. शादलियाने कात्री उचलली आणि कापता कापता मोठ्याने म्हणाली, "पुरे झालं आता! हात लावू नकोस माझ्या कामाला. समजलं?"

गुरुवारी सकाळी गाठ नव्हती. तिने दोनदा भिंग फिरवलं. सगळे टाके स्वच्छ, नियमाप्रमाणे. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला उगाचच एखाद्या पोराला फार रागावल्यासारखं वाटत राहिलं.

६

अकरा वाजता रान्या बुटक्या स्टुलावर उभी राहिली. बाहेरच्या दालनात खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते, नौफल टीव्हीवाल्यांना बदामाचा चहा देत होता. तुर्कियाने झगा रान्याच्या डोक्यावरून उतरवला आणि शादलियाने वक्र सुई ओवली.

"ताता, श्वास घेऊ ना मी?"

"घे. पण हळू. आणि हात वर धर."

रान्याने दोन्ही हात शादलियाच्या खांद्यांवर ठेवले. तिच्या बोटांवर अजून मेंदी नव्हती. मेंदी शनिवारी होती. ती बडबडतच होती. इस्कंदर, म्हणजे तिचा नवरा मुलगा, लग्नात घोडा हवा म्हणून हटून बसला होता आणि त्याला घोड्यावर बसता येत नव्हतं.

"गाठ मार," तुर्किया कोपऱ्यातून म्हणाली.

शादलियाने लक्ष दिलं नाही.

"हात जोडते, पोरी. जित्या माणसावर शिवतेयस. रेशीम फाटलं तर फाटू दे, एक गाठ मार."

शादलियाला कळून चुकलं की आज या खोलीत प्रत्येक जण तिला तिचं काम शिकवणार आहे. बापाला फोटो हवेत, म्हातारीला गाठ हवी, आणि रेशमाचं काय होतं याची कुणालाही पर्वा नाही. या झग्याच्या बाजूने एकटी आपण आहोत. रागाने तिचे टाके नेहमीपेक्षाही सरळ पडले. काखेपासून खालपर्यंत तिने शिवण घातली, शेवटी दोन उलटे टाके घेतले, टोक शिवणीच्या पोटात असं दडवलं की तिचं तिलाही सापडू नये.

"आणि त्या नव्या बुटांचं तर विचारूच नकोस, ताता, ते इतके..." रान्या म्हणाली.

पुढे बोलली नाही.

शादलियाने दोरा कापला, सुई उशीत खोचली. मग तिला शांतता जाणवली. तिने वर पाहिलं. रान्या समोर बघत होती. डोळे उघडे, ओठ जरासे विलगलेले. छातीवरचे मासे हलत नव्हते. ती त्या कापडी धडासारखीच उभी होती.

"रान्या?"

खांद्यावरचे हात जड झाले होते आणि गार. शादलियाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "रान्या, थट्टा पुरे. श्वास घे. घे म्हणते ना!"

दार किंचित उघडून नौफलने आत डोकावलं. "वा! काय दिसतेय! अशीच उभी रहा हं, अजिबात हलू नकोस," तो खूश होऊन म्हणाला आणि दार ओढून गेला. स्वतःची मुलगी श्वास घेत नाहीये हे त्या माणसाला दिसलं नव्हतं. शादलियाच्या तोंडून अशी शिवी निघाली की आजवर कुणी तिच्याकडून ऐकली नसेल.

तिने कात्री उचलून तिसरा टाका कापला, चौथा कापला. काही झालं नाही.

"कापून काय होणार! ती तशीच राहील आत," तुर्किया ओरडली. "टोक शोध. गाठ मार!"

शादलिया गुडघ्यांवर बसून शिवण चाचपू लागली. टोक सापडेना. तिनेच दडवलं होतं, आणि तिच्याइतकं चांगलं दडवणारं देशात कुणी नव्हतं. डोळ्यांतल्या पाण्याने तिला काही दिसेनासं झालं.

तेव्हा शिवण तिच्या बोटांखाली आतून हलली. दोन टाक्यांच्या मधून, शिवणीच्या अगदी खालच्या टोकाशी, दोऱ्याचं टोक बाहेर आलं. ओलं होतं. ते दोन बोटांच्या चिमटीत धरलेलं होतं, आणि बोटांची पेरं मेंदीने काळी होती. रान्याचे दोन्ही हात वर, हवेत तसेच ताठ होते.

ती बोटं टोक पुढे करून थांबली. घ्या, असं म्हणत असल्यासारखी.

शादलियाने टोक घेतलं आणि गाठ मारली.

मासे वर आले. "...चावतात की काय सांगू!" रान्या म्हणाली. "पायाला फोड आलाय बघ."

७

शादलिया जमिनीवर बसली होती. रान्या वर बोलत होती, हसत होती, तिला काहीच कळलेलं नव्हतं. तुर्किया भिंतीला टेकून पुटपुटत होती.

मग डावी शिवण हलली. ती जुनी, सुरेख, बिनगाठीची शिवण. तिच्यातूनही एक टोक बाहेर आलं, शंभर वर्षांत पिवळं पडलेलं, आणि तीच दोन बोटं. 

सात सकाळी! शादलियाला एकदम सगळं उमगलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. सात सकाळी हिने मागितलं होतं, जिथे हाताला दोरा लागला तिथे, मोहरीएवढं. आणि आपण सातही वेळा कापलं, वहीत तक्रार लिहिली, वर हिलाच झापलं. तरीही हिने पहिलं टोक दिलं ते रान्यासाठी. कोण होतीस गं तू? कुणी तुला अशी शिवून टाकली, नवरीच्या झग्यात, कफनाच्या टाक्याने? ते टाके घालणाऱ्या हाताचं तिने कौतुक केलं होतं. तो हात आत्ता समोर असता तर तिने बोटं मोडली असती.

तुर्कियाच्या अधू नजरेला काय दिसलं कोण जाणे, पण ती म्हणाली, "थांब. विचार कर."

शादलियाने विचार केला नाही. एवढा न्याय तर हिला मिळायलाच हवा होता. तिने पिवळं टोक घेतलं, ओठांत धरून ओलं केलं आणि गाठ मारली.

"आणि आई म्हणते," रान्या वर सांगत होती, "की लग्नात नवरीने इतकं..."

ती थांबली.

पण मासे थांबले नाहीत. ते भराभर वरखाली होत होते, फार लांबून धावत आलेल्या माणसाच्या छातीसारखे. रान्याचे ओठ विलग होते आणि त्यांतून काहीच जात-येत नव्हतं. श्वास गळ्याच्या खालून येत होता, झग्याच्या आतून. मग तिथूनच, जरीच्या कॉलराच्या आतून, घसा साफ केल्याचा आवाज आला. कुणीतरी बोलणार होतं. पहिला शब्द जुळवत होतं.

"झालं का?" बाहेरून नौफल ओरडला. "सगळे बसलेत!"

शादलियाने दोन्ही कुशींकडे पाहिलं. उजवीकडे तिची गाठ होती, डावीकडेही तिचीच. दोन्ही घट्ट होत्या, आणि आत श्वास मात्र एकीपुरताच होता. तिसरा काही मार्ग निघतो का, हे तिने खरोखर शोधलं. जेवढ्या वेळात एक माणूस श्वासावाचून राहू शकतं तेवढा वेळ शोधलं. रान्याच्या ओठांभोवती निळसर रेघ चढू लागली.

हा अन्याय होता. तिला तो ढळढळीत दिसत होता, आणि तो दुसऱ्या कुणाच्या नाही, तिच्याच हातून होणार होता.

तिने कात्री उचलली. डाव्या शिवणीतून ती दोन बोटं अजून किंचित बाहेर होती, गाठीच्या शेजारी, जणू तिचा घट्टपणा जपत. शादलियाला वाटलं, हिने माझा हात धरावा, ओरबाडावं, निदान शिवी तरी द्यावी. पण कात्रीचं पातं दिसल्यावर बोटं आपणहून बाजूला झाली.

तिने आठवी गाठ कापली.

पिवळं टोक सावकाश आत ओढलं गेलं. मासे निपचित झाले. मग पुन्हा वर आले, सावकाश, नेहमीसारखे.

"...हसू नये," रान्या म्हणाली आणि हसली. मग तिने खाली पाहिलं. "ताता? अगं, काय झालं? रडतेस का?"